बॉनेटखालचा इतिहास : कुर्ल्याची गाडी आणि तिच्यावरची लेबलं

(वरूड इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या मनात आलं असेल, गाडीच्या स्टिकरवर तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? प्रश्न रास्त आहे. जुनी गाडी म्हटलं की लोक रंग बघतात, क्रोम बघतात, हॉर्न वाजवून बघतात. बॉनेट उघडलं तर इंजिन सुरू होतं का तेवढं बघतात. एअर क्लीनरच्या डब्यावरचा अर्धवट उडालेला कागद, कॉइलवरची पट्टी, फायरवॉलवर रिव्हेट मारलेली पत्र्याची पाटी, याकडे कोण लक्ष देतो? धुतली गाडी की तो कागद गेला. पण आपल्याकडच्या मोटारींचा इतिहास लिहायचा म्हटला तर साधनं फार थोडी आहेत, आणि त्या थोड्यांपैकी एक साधन हा कागद आहे. म्हणून आजचा विषय.

आधी शब्द समजून घेऊ. इंग्रजीत याला डीकॅल म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द देकाल्कोमानी. कागदावर उलटं-सुलटं छापलेलं चित्र पाण्यात भिजवायचं, म्हणजे खालचा डिंक सुटतो, आणि चित्राचा पापुद्रा सरकवून चिनीमातीच्या भांड्यावर किंवा पत्र्यावर बसवायचा. ब्रिटिश मंडळी याला ट्रान्सफर म्हणायची. तुमच्या आजीच्या सिंगरच्या किंवा उषाच्या शिलाई मशीनवर सोनेरी वेलबुट्टी होती ना? ती कोणी हाताने काढलेली नव्हती. ते डीकॅलच. जुन्या सायकलच्या दांडीवरचं कंपनीचं नावही बहुतेक वेळा असंच बसवलेलं असे. मागे चिकट असलेलं, सोलून लावायचं लेबल त्यानंतरचं. स्टँटन एव्हरी नावाच्या माणसाने १९३५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसला त्याचा धंदा सुरू केला. आपण ज्याला स्टिकर म्हणतो ते हे.

तेव्हा जुन्या गाडीच्या बॉनेटखाली चार प्रकारची अक्षरं सापडतात. एक, धातूत ठोकलेली: चासी नंबर, इंजिन नंबर. दोन, रिव्हेट मारलेली पाटी. तीन, पाण्याने बसवलेला ट्रान्सफर. चार, चिकटवलेलं लेबल. पहिल्या दोन्ही गाडीची ओळख सांगतात. पुढच्या दोन्ही बहुतेक करून मिस्त्रीशी बोलतात: ऑइल कधी बदलायचं, फिल्टर कसा धुवायचा, बॅटरीचा कोणता टोक बॉडीला जोडलाय, सुटा भाग कोणत्या कारखान्यातून आलाय. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कायद्याकडे येऊ तेव्हा लागेल.

वरूडला बसून हे सांगताना मला कापसाच्या गठाणी आठवतात. आपला भाग आज संत्र्याचा, रेल्वे स्टेशनच्या नावातही ऑरेंज सिटी आहे. पण त्याआधी आणि त्याच्या जोडीने तो पऱ्हाटीचाच. प्रेसमधून निघालेल्या गठाणीवर खूण आणि नंबर असतो, हे इथल्या कास्तकाराला सांगायला नको. ते शोभेसाठी नव्हतं. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने ते बंधनकारक केलं. प्रत्येक प्रेसला ठरलेली खूण, प्रत्येक गठाणीला अनुक्रमांक. का? तर आत भिजलेला किंवा भेसळीचा कापूस निघाला तर तो कोणत्या प्रेसचा हे मुंबईत किंवा लिव्हरपूलला बसलेल्या माणसाला कळावं. म्हणजे कारखान्याची खूण ही जबाबदारीची खूण आहे. माल माझा, चूक निघाली तर मला पकडा, असं ती म्हणते. गाडीच्या सुट्या भागावरच्या लेबलचा अर्थही मुळात हाच आहे.

आता गाडीकडे येऊ. महाराष्ट्रात घडलेली, लाखो माणसांनी पाहिलेली गाडी घेऊ: फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. भाग तिकडून पेट्यांमध्ये यायचे, इथे जोडले जायचे. भारतात स्वतःचा मोटार कारखाना हवा हा आग्रह विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात धरला, आणि तो प्रत्यक्षात आणायला धावपळ केली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. जहाजं, विमानं आणि मोटारी अशा तिन्ही गोष्टींत हात घालणारा हा माणूस. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना. सुरुवात क्रायस्लरशी करार करून झाली, म्हणजे डॉज, डिसोटो, प्लिमथ. मग १९५० च्या सुमारास इटलीच्या फियाटशी हात मिळवला, आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यातून निघू लागली.

मध्ये १९५३ साल महत्त्वाचं. टॅरिफ कमिशनने सांगितलं की ज्यांच्याकडे इथे उत्पादन करण्याचा ठोस कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. प्रीमियर राहिली, हिंदुस्तान मोटर्स राहिली, आणखी मोजके राहिले. राहिलेल्यांवर मात्र एक ओझं आलं: परदेशी भाग टप्प्याटप्प्याने कमी करायचे आणि इथे बनवायचे. आयात परवान्यावर, परकीय चलन मोजून मिळणार. म्हणजे प्रत्येक नट, प्रत्येक कॉइल, प्रत्येक प्लग इथे कोणीतरी करून द्यायला हवा.

ते कोणी केलं? पाहा, इथे बॉनेटखालची लेबलं बोलायला लागतात. बंगलोरला १९५१ मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली, जर्मन बॉशच्या भागीदारीतली. तिला आपण मायको म्हणतो. गावोगावच्या गॅरेजवर मायको प्लगची पाटी असायची ती हीच. मद्रासजवळ पाडीला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लुकास-टीव्हीएस सुरू झाली; स्टार्टर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर तिथून. इटलीतल्या फियाटच्या विजेच्या सामानावर मॅग्नेटी मारेल्लीचं नाव दिसे. कुर्ल्याच्या गाडीत ते नाव मागे पडत गेलं आणि मद्रास-बंगलोरची नावं आली. या बदलाची सरकारी भाषा म्हणजे स्वदेशीकरण. पण सरकारी अहवालात त्याचे टक्के मिळतात. कोणत्या वर्षाच्या गाडीत नेमका कोणता भाग बदलला हे गाडीच सांगते, आणि तेही तिच्यावरचं लेबल शिल्लक असेल तर.

आता गमतीची गोष्ट. ११००-डी हे मॉडेल इटलीत १९६२ ते १९६६ एवढंच चाललं. आपल्याकडे ते १९६४ मध्ये आलं आणि २००० च्या आसपास थांबलं. तिकडे चार वर्षं, इकडे छत्तीस. बाहेरून सांगाडा तोच. पण इटलीच्या ११००-डी मध्ये १२२१ सीसीचं इंजिन होतं आणि कुर्ल्याच्या गाडीत १०८९ सीसीचंच राहिलं. नावही बदलत गेलं. फियाटचा परवाना संपल्यावर १९७२ मध्ये ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. लोकांनी मात्र कागदोपत्री नाव मनावर घेतलं नाही. पद्मिनीवाल्यालाही विचारलं, कोणती गाडी? तर उत्तर फियाट. मग छत्तीस वर्षांचा हा फरक आपण कुठे वाचायचा? ग्रिलवर थोडा, डॅशबोर्डवर थोडा, आणि बॉनेटखाली सर्वांत जास्त.

आणि इथेच आजची अडचण उभी राहते. जुन्या गाड्या नव्याने उभ्या करण्याचा शौक आता मोठ्या शहरापुरता उरलेला नाही. अमरावती-अकोल्यातही लोक आजोबांची फियाट, बापाची जीप काढून बसले आहेत, आणि हे फार चांगलं आहे. इंजिन खोललं, रंग झाला, सीट शिवून झाल्या. मग शेवटी वाटतं, आता बॉनेटखालचे स्टिकर कंपनीसारखे लावू. इंटरनेटवर शोधलं तर काय मिळतं? युरोपात ११०० चे शौकीन आहेत, त्यांच्यासाठी केलेली छापील लेबलं मिळतात. अक्षरं इटालियन, छपाई सुंदर. ती मागवायची, कुर्ल्याच्या गाडीवर चिकटवायची, आणि बॉनेट उघडून दाखवायचं की बघा, एकदम ओरिजिनल.

ओरिजिनल कशाचं? जी गाडी तुरिनला कधी गेलीच नाही तिच्यावर तुरिनची चिठ्ठी लागली. १०८९ च्या इंजिनाच्या डोक्यावर १२२१ च्या भावंडाची माहिती आली. आणि ज्या मद्रासच्या, बंगलोरच्या, मुंबईच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांनी परवाना-टंचाईच्या काळात ती गाडी रस्त्यावर ठेवली, त्यांचं नाव आपण आपल्या हाताने पुसलं. हे वाईट हेतूने कोणी करत नाही, प्रेमानेच करतात. आपल्या भागातल्या जुन्या हेमाडपंती देवळांचं काय होतं ते आठवा. गावकरी वर्गणी काढतात, श्रद्धेने जीर्णोद्धार करतात, आणि आठशे वर्षांच्या दगडावर ऑइलपेंट फासतात, गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवतात. भक्ती खरी असते, पण दगडावरचं कोरीवकाम रंगाखाली जातं. गाडीचंही तेच.

मग बरोबर लेबल कोणतं हे ठरवायचं कसं? यासाठी नवं शास्त्र लागत नाही. आपल्या शेजारी ऋद्धपूर आहे, मोर्शी तालुक्यात. तिथे वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट मिळाला. वाकाटकांच्या लेखांवर वा. वि. मिराशींनी केलेलं काम १९६३ मध्ये ग्रंथरूपाने आलं. ताम्रपटाचा अभ्यासक काय करतो? आधी घासून पुसून चकचकीत करत नाही. आहे त्या स्थितीत ठसा घेतो, अक्षरांचं वळण बघतो, कडीला लावलेली मुद्रा त्याच पत्र्यांची आहे का हे तपासतो, कारण एका दानपत्राची मुद्रा दुसऱ्याला लागू शकते, आणि बनावट ताम्रपटही निघालेले आहेत. गाडीच्या बाबतीत हीच पायरी लागू करा.

पहिली पायरी: पाणी मारण्याआधी फोटो. प्रेशरने धुतलं की चाळीस वर्षांचा कागद चाळीस सेकंदांत जातो. बॉनेट उघडा, दिवसाच्या उजेडात सगळीकडून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल.

दुसरी पायरी: सावली शोधा. लेबल निघून गेलं असलं तरी त्याच्याखालचा रंग उन्हा-उष्णतेपासून वाचलेला असतो. तिरप्या उजेडात बघितलं की चौकोनाची कड दिसते. अक्षरं मिळाली नाहीत तरी जागा आणि माप मिळतं.

तिसरी: भाग आणि गाडी यांचं वय जुळतं का ते बघा. लुकासच्या जुन्या ब्रिटिश भागांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असे. अशा खुणेवरून कळतं की डायनॅमो गाडीबरोबर आला की दहा वर्षांनी कोणी बदलला.

चौथी: त्याच वर्षाची, हात न लावलेली दुसरी गाडी शोधा. एक नाही, दोन-तीन. गाडीसोबत आलेलं मालकाचं पुस्तक, सुट्या भागांचा कॅटलॉग, जुन्या दुकानात न उघडलेलं पाकीट, हे सगळं पुरावा. माहितीपत्रकाच्या चित्रावर मात्र एकट्यावर विसंबू नका. चित्र विक्रीसाठी काढलेलं असतं.

आता कोणी म्हणेल, तीन गाड्या बघितल्या आणि तिन्हींवर वेगवेगळं निघालं तर? तसं निघू शकतं, आणि त्यात घाबरायचं काही नाही. परवान्याच्या काळात कारखान्याला एक पुरवठादार वेळेवर माल देईलच याची खात्री नसे. आला तो भाग लावून गाडी बाहेर काढायची. एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत दोन कंपन्यांचे फिल्टर असू शकतात आणि दोन्ही गाड्या कारखान्यातून तशाच निघालेल्या असू शकतात. इथे पुन्हा ऋद्धपूरचीच आठवण होते. म्हाइंभटांनी लीळाचरित्र केलं, पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि महानुभावांनी ते आठवणीतून पुन्हा उभं केलं. निरनिराळ्या परंपरांत पाठ वेगळे झाले. त्यांनी काय केलं? पाठभेद जपले. वासना अशी, वासना तशी, म्हणून नोंदी ठेवल्या. एकच पाठ खरा ठरवून बाकीचे जाळून टाकले असते तर आज आपल्याकडे काय उरलं असतं? गाडीचा अभ्यासही तसाच पाठभेदांसह करायला हवा. अमुक वर्षाच्या गाडीवर एवढंच बरोबर, हे वाक्य फार जपून बोलावं.

याचं दुसरं टोक अमेरिकेत बघायला मिळतं. तिथे कॉर्व्हेटच्या शौकिनांची राष्ट्रीय संस्था १९७४ पासून आहे. स्पर्धेत परीक्षक बॉनेटखालच्या लेबलांचे गुण देतात. इतकंच काय, जोडणी करताना कामगाराने खडूने ओढलेली रेघ, तपासनिसाने बोल्टवर लावलेला रंगाचा ठिपका, हेही लोक पुन्हा काढतात. हसू येईल, पण त्यामागे एक जाणीव आहे की तिथे एक माणूस उभा होता आणि त्याने हा बोल्ट आवळला. फक्त, खडूची रेघ आज आपण काढली तर ती त्या माणसाची राहत नाही, ती आपली नक्कल होते. तिला नक्कल म्हणायची तयारी असेल तर जरूर काढावी.

जीपचंही असंच आहे. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि आपल्या बागायती पट्ट्यात नाले-बांध ओलांडायला तिच्यासारखं वाहन दुसरं नव्हतं. युद्धकाळातली जीप विलीजनेही केली आणि फोर्डनेही. दिसायला जुळी. पण फोर्डने आपल्या भागांवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, एफ अक्षर उठवलं. डॅशबोर्डवर तीन पाट्या: गाडीची ओळख, गिअरनिहाय वेगमर्यादा, आणि गिअरच्या दांड्यांचा नकाशा. या पाट्यांच्या नकला आज जगभर विकत मिळतात. म्हणून जीपवाल्याने पाटीवर विश्वास ठेवण्याआधी बोल्ट बघावेत. पाटी काढून लावता येते, शेकडो बोल्ट बदलायला कोणी बसत नाही.

आता दोन गोष्टी, ज्यात चूक झाली तर नुसती इतिहासाची नाही, खिशाची आणि कायद्याची अडचण होते.

एक, बॅटरीची. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असे. फियाटमध्ये ऋण टोक बॉडीला. मॉरिसवर बसायचं सूचनेचं लेबल दुसऱ्या गाडीवर लागलं, आणि पुढच्या मिस्त्रीने ते वाचून बॅटरी उलटी जोडली, तर अल्टरनेटरवाल्या गाडीत डायोड गेलेच समजा. लेबल ही सूचना आहे. चुकीच्या जागी लावलेली सूचना म्हणजे रस्त्यावरची चुकीची पाटी. तसंच छपाईचंही. साधं फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलेलं विनाइल एक्झॉस्टच्या जवळ लावलं की एका उन्हाळ्यात त्याच्या कडा वळतात, आणि आपला उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. भिंगातून बघितलं तर आजच्या डिजिटल छपाईत बारीक ठिपके दिसतात. जुन्या स्क्रीन छपाईत रंग सलग आणि किंचित उठलेला असतो. करून घ्यायचंच तर उष्णता सोसणाऱ्या कागदावर स्क्रीनने करून घ्या.

दुसरी गोष्ट ओळखीच्या पाटीची. सुरुवातीला चार प्रकार सांगितले ते याचसाठी. एअर क्लीनरवरचं लेबल पुन्हा छापणं ही हौस आहे. चासी नंबर पुन्हा ठोकणं, दुसऱ्या गाडीची पाटी आणून रिव्हेट मारणं, हा गुन्हा आहे. पाटी गंजली असेल तर गंजलेली राहू द्या. नंबर वाचता येत नसेल तर आरटीओचा रस्ता धरा, लोहाराचा नाही.

कायदाही आता या विषयात आला आहे. २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. नंबर प्लेटवर राज्याच्या कोडनंतर व्हीए अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा करायला ५ हजार. रोजच्या वापराला आणि धंद्याला ही गाडी काढायची नाही. म्हणजे मूळ स्वरूप हा शब्द आता शौकिनांच्या गप्पांतून नियमात आला. १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आत्ता या पन्नाशीच्या उंबऱ्यावर आल्या आहेत. येत्या काही वर्षांत हजारो गाड्यांबद्दल हाच प्रश्न विचारला जाणार, की मूळ स्वरूप म्हणजे काय?

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये यावर एक सनद मान्य केली. तिचं नाव तुरिन सनद, म्हणजे योगायोगाने फियाटचंच गाव. वास्तूंच्या जतनाची १९६४ ची व्हेनिस सनद तिच्यामागे आहे. तिचा गाभा आपल्या भाषेत सांगायचा तर असा: आहे ते आधी जपा. दुरुस्ती कमीत कमी करा. नवं काही बसवलं तर ते नवं आहे हे ओळखता यावं, आणि केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवा. गाडीच्या आयुष्यातल्या खुणा हाही तिचा इतिहास आहे.

हा शेवटचा मुद्दा वऱ्हाडाला नीट कळतो. आपण स्वतः किती नोंदणी-पुस्तकांत राहिलो बघा. सीपी अँड बेरार, १९५० पासून मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. गाडीच्या नंबरांची पद्धत १९८९ मध्ये पुन्हा बदलली, मग अमरावतीला २७ आला, अकोल्याला ३०. जुन्या गाडीचं पुस्तक उघडलं की त्यावर या राज्यकारभाराचे शिक्के एकाखाली एक. तसंच बॉनेटखाली कारखान्याच्या लेबलशेजारी गावातल्या गॅरेजने लावलेली ऑइल बदलल्याची चिठ्ठी असते, कुणी मिस्त्रीने रंगाने लिहिलेलं एक-तीन-चार-दोन असतं. हा फायरिंग ऑर्डर. कारखान्याने तो तिथे लिहिला नव्हता म्हणून ते चूक का? कारखान्यात गाडी काही दिवस होती. इथे पन्नास वर्षं आहे.

घाई कशासाठी तेही सांगतो. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. साठ वर्षं शहराला वाहून नेलेली गाडी रस्त्यावरून गेली. टॅक्सी भंगारात जाते तेव्हा पत्रा वितळतो, त्याचा दुसरा पत्रा होतो. लेबल जळतं, त्याचं काही होत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात काम केलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. सुटे भाग पुरवणारे कित्येक छोटे कारखाने बंद पडले, त्यांची नावं कुठल्या ग्रंथात नाहीत. ती नावं पत्र्याला चिकटलेल्या दोन-तीन इंच कागदावर उरली आहेत, आणि तो कागद कुणाच्या तरी गोठ्यात, शेडमध्ये, ताडपत्रीखाली आहे. आपल्या तालुक्यातही असणार.

वेळ झाली आहे. दोन प्रश्न घेतो.

प्रश्न : आमच्या गाडीवर एकही लेबल उरलं नाही, रंगवणाऱ्याने सगळं घासून टाकलं. आता काय लावावं?

उत्तर : पुरावा मिळाला तर नक्कल लावा, आणि लावण्याआधी मागच्या बाजूला किंवा कोपऱ्यात बारीक अक्षरात साल लिहा, की ही २०२० च्या दशकातली प्रत आहे. पुढच्या माणसाला फसवू नका. पुरावा मिळाला नाही तर जागा रिकामी ठेवा. पोथीत किडीने अक्षर खाल्लं असेल तर चांगला संपादक तिथे टिंबं देतो, स्वतःची ओळ घालत नाही. रिकाम्या जागेची लाज वाटायचं कारण नाही.

प्रश्न : वडिलांनी पेट्रोल परवडत नाही म्हणून फियाटला डिझेल इंजिन बसवलं होतं. लोक म्हणतात आता तिला किंमत नाही, मूळ इंजिन शोधून बसवा.

उत्तर : व्हीए नंबर हवा असेल तर ते डिझेल इंजिन आड येईल, नियमच तसा आहे. विकायची असेल तर घेणारा भाव पाडेल, तेही खरं. पण तुम्ही विचारताय इतिहासाचं, म्हणून सांगतो. डिझेल इंजिन बसवलेली फियाट ही त्या काळातल्या इंधनाच्या भावाची आणि एका कुटुंबाच्या हिशेबाची नोंद आहे. मूळ इंजिन मिळालं तर ते घेऊन ठेवा. पण काढाकाढी करण्याआधी आत्ता आहे तशी गाडी फोटोत उतरवा, बसवणाऱ्या मिस्त्रीला भेटून विचारा, कोणतं इंजिन, कुठून आणलं, माउंटिंग कसं केलं, कोणत्या साली. आणि ते लिहून त्याच्या सहीसकट गाडीच्या पुस्तकात ठेवा. मग काय करायचं ते तुम्ही घरात बसून ठरवा.